स्प्रॉकेटवरचं कुंकू

ये गं, अशी जवळ बस. तू नाशकात आणि मी कलकत्त्यात, हे मला ठाऊक आहे. पण लिहिताना मी तुला माझ्यासमोर इथल्या वेताच्या बुटक्या मोड्यावर बसवलंय, आणि बसलीच आहेस तर आधी बोलणी खा. स्वतःच्या हातानं इंजिन उघडलंस, पिस्टन बदललास, बोल्ट न मोजता सगळे जागच्या जागी गेले म्हणून मला फोटो पाठवलास, आणि आता दोन दिवस गाडी सुरू होत नाही म्हणून ती उचलून न्यायला टेंपो बोलावतेस? पन्नास किका मारल्यास म्हणे. अगं, किका मारून कधी काही कळतं का? कुलूप उघडेना म्हणून दाराला डोकं आपटायचं, तसलं हे. रडलीस ते ठीक आहे, मीही रडलेय. पण रडून झालं की प्लग काढून बघायचा असतो.

फोनवर माझं पुरतं ऐकून न घेताच ठेवलास. म्हणून लिहिते. टेंपोवाल्याला दोन दिवस थांबव आणि हे वाच.

आमची काळी गाडी तुला माहीत आहे. शंभर सीसीची, किकवाली. तुझ्या काकांची बँकेतून इथं बदली झाली तेव्हा घेतलेली. पुढे ते निवृत्त झाले, बरोबरचे सगळे पुण्या-नागपूरला परतले. मुलाची नोकरी इथंच, न्यू टाउनला, म्हणून आम्ही सॉल्ट लेकातच राहिलो. मग दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला म्हणजे गेला नाही, पण रुसून बसला. बोलणं तर महिनाभर बंदच.

मी गिअरची गाडी शिकले ती त्यानंतर. बासष्टाव्या वर्षी, आमच्याच ब्लॉकच्या रिकाम्या मैदानाभोवती, बंगाली बायका खिडकीतून बघत असताना. कोपऱ्यावर एक म्हातारा मिस्त्री होता, त्यानं मागच्या सीटला पाठ टेकायला लोखंडी कमान वेल्ड करून दिली, आणि उजवा पाय घसरू नये म्हणून खाली कडा असलेलं पायदान. त्याच्याकडे काम होईपर्यंत मी स्टुलावर बसून भाजी निवडायचे आणि बघायचे. भाजी निवडता निवडता कार्ब्युरेटर शिकले, क्लच शिकले. कोण शिकवतंय? नजर होती, तिनं उचललं. मिस्त्री काम सोडून गावी गेला तेव्हा आपले दोन पाने मला देऊन गेला. ‘माशीमा, आता तुम्हीच मिस्त्री,’ म्हणाला, आणि हसला. इथं मावशीला माशीमा म्हणतात. मी हसण्यावारी नेलं नाही.

तर रोज सकाळी सातला मी ह्यांना मागे बसवून पार्काशेजारच्या चहाच्या टपरीवर न्यायचे. तिथं चार-पाच म्हातारे बंगाली रोज भांडायला येतात. कधी फुटबॉलवरून, कधी माशांवरून. ह्यांना मासे वर्ज्य, तरी ह्यांचंही मत असतंच. महिनाभर गप्प असलेल्या माणसाचा पहिला शब्द त्या बाकावर फुटला. घरी मी जीव काढून ‘पाणी म्हणा, पाणी म्हणा’ करत होते, आणि हे तिथं टपरीवाल्याला म्हणाले, ‘चा.’ तोही बंगालीत. मला राग यावा की रडू, कळेना. पण तेव्हापासून ती टपरी चुकवायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

या पावसाळ्यात गाडी निळा धूर ओकायला लागली, दम गेला, आणि एके दिवशी बंदच पडली. पलीकडच्या गॅरेजवाल्यानं दोनदा किक दाबली नि हात झटकले. ‘ए इंजिन शेष, माशीमा.’ संपलं म्हणे. मुलाच्या मोटारीतून चला म्हटलं तर हे ऐकेनात. मोटारीत बसवायचं म्हणजे दोघांनी बगलेत धरून, वाकवून आत सारायचं. ‘मी काय तांदळाचं पोतं आहे?’ असं म्हणून जे बाल्कनीत बसले ते रस्त्याकडे पाठ करून. पंधरा दिवस. बोलणं पुन्हा आखडायला लागलं. ‘हं’ आणि ‘नको’, एवढंच.

मुलगा वाईट नाही गं. त्याला भीती वाटते. ‘आई, दोन चाकांवर दोघं म्हातारे, मला ऑफिसात बसून घाम फुटतो. पुढच्या रविवारी मी भंगारवाला घेऊन येतो.’

‘आणि रविवारपर्यंत सुरू झाली तर?’

‘तू सुरू करणार?’

‘मग काय तुझ्या कंपनीतली माणसं येणार आहेत?’

हसला. ‘बरं. सुरू झाली तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही झाली तर तूही काढायचा नाहीस.’

ठरलं. हातात सात दिवस.

दुसऱ्या दिवशी सोमवारी, खाली पार्किंगमध्ये, इंजिनाचं डोकं उतरवलं. बोल्टांसाठी मी मिसळणाचा जुना डबा वापरते. मोहरीच्या वाटीत हेडचे बोल्ट, हळदीच्या वाटीत कव्हरचे, जिऱ्याच्या वाटीत वॉशर. कधी एक इकडचा तिकडे जात नाही. आता इथं नीट ऐक. हेडमध्ये एक दातेरी चकती असते, स्प्रॉकेट. तिच्यावरून साखळी खाली इंजिनात जाते. व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे, हे ती चकती ठरवते. ती काढताना कुठला दात कुठे होता ते लक्षात ठेवावं लागतं. कंपनीनं तिच्यावर एक बारीक रेघ कोरलेली असते म्हणे. मला ती काही केल्या दिसेना. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. मग मी माझी युक्ती केली. करंड्यातलं कुंकू खोबरेल तेलात कालवलं आणि वरच्या दाताशी एक ठिपका दिला. झाली खूण.

सिलिंडर बोर करायला, म्हणजे आतून तासून घ्यायला, लेथवाल्याकडे दिला आणि नव्या पिस्टनसकट मंगळवारीच परत आणला, कारण बुधवारी विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी या शहरात कोणी पान्याला हात लावत नाही. रिक्षास्टँडवर, गॅरेजात, कारखान्यात सगळीकडे मूर्ती, खिचडी, आणि आकाशभर पतंग. मंगळवारी संध्याकाळी मी सगळे भाग वर बाल्कनीत नेले, पेट्रोलात बुडवून ब्रशनं लख्ख धुतले आणि वर्तमानपत्रावर वाळत मांडले.

बुधवारी सकाळी अंघोळ करून आले तर काय बघते! प्रत्येक भागावर हळदीकुंकू. पिस्टनवर, हेडवर, पान्यांवर, मिसळणाच्या डब्यावरसुद्धा. आणि हे खुर्चीतून अर्धे वाकलेले, डाव्या हाताची बोटं लाल-पिवळी.

तुला माहीत नाही, झटक्यानंतर ह्यांनी पूजा सोडली होती. उजवा हात उचलत नाही आणि डाव्या हातानं देवाचं करायचं नाही, हा हट्ट. दोन गणपती असेच गेले, मीच पूजा केली. दसऱ्याला हत्यारांनाही मीच फूल वाहिलं. आणि त्या दिवशी कोणी न सांगता, माझी पाठ वळलेली बघून, हे डाव्या हातानं करून बसले होते. मी विचारलं, ‘अहो, आपली खंडेनवमी अजून लांब आहे ना?’

‘गाव तसा देव,’ म्हणाले. पंधरा दिवसांतलं सगळ्यांत लांब वाक्य. बाहेर कोणाचा तरी पतंग कटला आणि गच्च्यांवरून ‘भो-काट्टा!’ असा ओरडा उठला. मी आत जाऊन पदरानं डोळे पुसले आणि कोबी चिरायला घेतला.

गुरुवारी जोडणी. इंजिनात हळदीकुंकू चालत नाही, म्हणून प्रत्येक भाग पुसून पुसून बसवला. पुसताना मनात ‘माफ करा’ म्हणत होते. फक्त स्प्रॉकेटचा ठिपका पुसला नाही. ती माझी खूण. ठिपका वर आणला, साखळी चढवली, बोल्ट आवळले. मिस्त्रीनं शिकवल्यासारखं इंजिन आधी हातानं दोनदा फिरवलं, कुठे काही अडत-आपटत नाही ना ते पाहिलं. आणि संध्याकाळी किक मारली.

काही नाही.

तुझ्यासारख्याच मीही किका मारल्या, खोटं कशाला बोलू? तीस तरी. चौथीला कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ असा एक शिंकेसारखा आवाज आला, तेवढाच. गुडघा असा सुजला की शुक्रवारी सकाळी जिना चढवेना. तेव्हा पायरीवर बसून रडले. मग चहा घेतला आणि किक मारायची बंद केली.

शुक्रवार असा गेला. आधी मूर्खपणा तपासला: इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलेलं तर नाही, पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, उघडा आहे ना. मग प्लग काढून बाहेर इंजिनाला टेकवला, किक हातानं दाबली. निळी ठिणगी, लखलखीत. म्हणजे वीज आहे. प्लग ओला होता, पेट्रोलचा वास. म्हणजे इंधन पोचतंय. वीज आहे, पेट्रोल आहे, मग राहिला दम. पिस्टन वर येताना हवा दाबली गेली पाहिजे, नाहीतर ठिणगी बिचारी काय पेटवणार? प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून किक दाबली तर अंगठा उडायला पाहिजे. पण माझा एक हात किकवर, दुसरा गाडी सावरायला. अंगठा कुठून आणू?

वर गेले. ‘अहो, तुमचा डावा अंगठा हवाय.’

‘कशाला?’

‘सही करायला नाही. चला खाली.’

पंधरा दिवसांनी हे लिफ्टनं खाली उतरले. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, अंगठा भोकावर ठेवायला लावला. मी किक दाबली.

‘काय वाटतंय?’

‘फुंकर,’ म्हणाले. ‘ढकलत नाही. फुंकरच.’

मग चमचाभर इंजिन ऑइल त्या भोकातून आत ओतलं. रिंगांतून हवा गळत असेल तर तेलानं फट बुजते आणि दाब वाढतो. पुन्हा अंगठा, पुन्हा किक.

‘तेवढीच फुंकर,’ हे म्हणाले. आता आवाजात जरा धार आली होती. बँकेत कोणाचा हिशेब जुळत नसला की येत असे तशी.

म्हणजे रिंगा बरोबर होत्या. गळत होतं ते व्हॉल्व्हकडून. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटची फट पातं घालून मोजली, तीही ठीक. आता एकच जागा उरली. शनिवारी सकाळी ह्यांना पुन्हा खाली आणून खुर्चीत बसवलं आणि स्प्रॉकेटचं झाकण उघडलं. पिस्टन अगदी वर आला हे दाखवणारं मॅग्नेटवरचं टी अक्षर खुणेशी आणलं, आणि बघते तर माझा ठिपका बरोबर वर. जिथं असायला हवा तिथंच. मी चक्रावले. हातातली बॅटरी पेटवून जवळून पाहिलं. कुंकू तेलानं बरंच पसरलं होतं, पण दाताच्या खाचेत त्याच्या शेजारी काहीतरी पिवळं होतं.

हळद.

आणि मी नुसतं कुंकू लावलं होतं. हळद नव्हती लावली.

मग एकेक उलगडलं. मंगळवारी मी सगळे भाग पेट्रोलात बुडवले, त्यात स्प्रॉकेटही. तेलातलं कुंकू पेट्रोलात कसलं टिकतंय? माझी खूण मीच धुऊन टाकली होती. बुधवारी ह्यांनी बोट टेकवलं ते चकती जशी पडली होती तशी. आणि गुरुवारी मी देवाचं बोट माझी खूण समजून इंजिन बांधलं. दोन-तीन दातांचा फरक. व्हॉल्व्ह मिटायच्या वेळी उघडे. दम कुठून राहणार? आतलं काही वाकलं नाही, हेच नशीब.

मी काही बोलले नव्हते. पण खुर्चीतून ह्यांना ते पिवळं दिसलं. चेहरा उतरला. डावा हात मांडीखाली सरकवला, लहान मूल लपवतं तसा.

‘मीच घोळ घातला,’ म्हणाले. ‘म्हणून डाव्या हातानं करू नये.’

खरं सांगते, भंगारवाल्याची भीती त्या क्षणी मागे पडली. गाडी गेली तर टपरी जाईल, हे दुःख होतंच. पण हा हात पुन्हा मांडीखाली गेला तर तो कोणत्या पान्यानं काढायचा?

‘हाताचा काय संबंध?’ मी जरा जोरातच बोलले. ‘धुतलं कोणी? मी. न बघता बसवलं कोणी? मी. तुम्ही पूजा केलीत, ती बरोबर केलीत. मिस्त्री मी आहे, चूक माझी. उगाच माझ्या चुकीत वाटा मागू नका.’

मग मी पुढे जे खरं होतं तेच बोलले, ‘आणि आता मला खरी रेघ शोधायची आहे. कंपनीची. मला दिसत नाही. तुमचं भिंग कुठंय?’

बँकेत सह्या पडताळायला वापरायचे ते भिंग, अजून कपाटात आहे. मी वर जाऊन घेऊन आले. चकती सोडवून पुसली आणि ह्यांच्या मांडीवर ठेवली. डावा हात बाहेर आला. भिंग मी उजव्या मुठीत खोचून दिलं, आणि हे डाव्या हातानं चकती गुडघ्यावर हळूहळू फिरवत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी पाणी प्यायले. वरच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालताना वाकून बघून गेल्या.

‘ही काय,’ हे म्हणाले. ‘केसाएवढी आहे. पण सही खरी आहे.’

त्या रेघेवर मी सुईच्या टोकानं ओरखडा काढून ठेवला. तो पेट्रोलानं जात नाही आणि देवालाही त्याची गरज नाही. रेघ हेडच्या खाचेसमोर आणली, साखळी चढवली, टी अक्षर पुन्हा तपासलं, बोल्ट आवळले. ‘या आता अंगठा घेऊन,’ म्हटलं. किक दाबली तर ‘फट्’ करून अंगठा उडाला, आणि हे इतक्या जोरात ‘अरे!’ म्हणाले की गेटवरचा रखवालदार धावत आला.

प्लग लावून तेव्हाच सुरू करून बघायला हवी होती, नाही का? पण माझा गुडघा पार गेला होता. पाय उचलेना. म्हटलं, उद्या.

रविवारी साडेनऊला मुलगा आला. मागोमाग भंगारवाला, त्याची सायकलची गाडी ढकलत. मुलगा माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाला, ‘आई, राहू दे ना आता.’

‘विषय कोणी काढायचा नाही, असं ठरलंय. बाजूला हो.’

पहिली किक, काही नाही. दुसरी, काही नाही. मुलानं भंगारवाल्याकडे पाहिलं. सगळं तपासलंय, रेघ बरोबर, दाब बरोबर, मग आता काय? तेवढ्यात हे खुर्चीतून पुढे वाकले आणि डाव्या हातानं पेट्रोलचा कॉक उघडला. आदल्या दिवशी मीच बंद केलेला! तरी म्हणते ना, मूर्खपणा आधी तपासावा.

चौथ्या किकला पेटली. आणि मागून असा पांढरानिळा धूर सुटला की पार्किंग दिसेनासं झालं.

‘आई, जळतंय! बंद कर!’

‘चमचाभर तेल आहे ते, मीच ओतलंय. जाईल. खोकू नकोस एवढा.’

दोन मिनिटांत धूर विरला आणि खालून तो आवाज यायला लागला, एकसारखा, जात्यासारखा. भंगारवाला हात जोडून म्हणाला, ‘एटा तो बेँचे आछे, माशीमा.’ ही तर जिवंत आहे! रिकाम्या हातानं त्याला कसं पाठवू? ज्यांच्यावर भाग वाळत घातले होते ती तेलकट वर्तमानपत्रं आणि जुना पिस्टन दिला.

ह्यांना मागे बसवलं. उजवा पाय मुलानं उचलून त्या कडेच्या पायदानावर ठेवला, वाकून, स्वतःच्या हातानं. टपरीपर्यंत त्यानं मोटार आमच्या मागे इतकी हळू चालवली की मागचे लोक भोंगे वाजवून हैराण. टपरीवर सगळे उठून उभे राहिले. सतरा दिवस कुठे होता म्हणून एकानं शिव्याच दिल्या. ह्यांनी मातीचा पेला डाव्या हातात घेतला आणि त्यांना सगळं सांगायला लागले, ती केसाएवढी रेघ, ते भिंग. माझा उल्लेख शेवटी आला. चालायचंच.

म्हणून सांगते, टेंपो परत पाठव. आधी लाल बटण आणि कॉक बघ, हसू नकोस. मग ठिणगी, मग प्लगचा ओलेपणा, मग अंगठा. अंगठा नुसती फुंकर म्हणाला तर झाकण उघडून तुझी खूण नीट बघ, आणि ती तुझीच आहे ना हे स्वतःला विचार. घाई करू नकोस. किक शेवटी.

आणि गाडी सुरू झाली की इकडे ये. खंडेनवमीला ये. ह्यांनी आत्तापासून पाने मोजून ठेवलेत, डाव्या हातानं पूजा मांडणार आहेत. फक्त आता प्रत्येक वस्तूवर बोट टेकवायच्या आधी माझ्याकडे बघून विचारतात, ‘इथं लावू ना?’ तुझे दोन पाने पिशवीत घालून आण, त्यांनाही कुंकू लागू दे. चहाला मात्र तुला मागून चालत यावं लागेल, मागची सीट ह्यांची आहे. ये गं, लवकर ये. मोडा रिकामाच ठेवलाय.